उंची राहू द्या, गाडी किती मिनिटांनी सुटते ते सांगा

रहाटपाळणा

नमस्कार मंडळी.

मी साताऱ्याचा. एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे आणि वर्षातून दोनदा रजा टाकून राइडमध्ये बसायला जातो. परत आलो की चहाच्या सुट्टीत प्रश्न ठरलेले असतात. किती उंच होती? स्पीड किती? खोपोलीच्या इमॅजिका पार्कात २०१३ साली नायट्रो ही रोलर कोस्टर आली तेव्हा मीही हेच आकडे पाठ केले होते. सुमारे ४० मीटर उंची, ताशी १०५ किलोमीटर, पाच वेळा उलटं, पायाखाली फळी नाही. आकडे खरे आहेत, पण तुमचा दिवस कसा जाईल हे त्यावरून कळत नाही. तो ठरतो वेगळ्याच आकड्यावर. एक गाडी सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती वेळ जातो?

समजा गाडीत २८ माणसं बसतात आणि दर दीड मिनिटाला गाडी सुटते. तासाला ४० गाड्या, म्हणजे ११२० माणसं. तुमच्यापुढं ४०० जण असले तर २१-२२ मिनिटांत नंबर लागतो. आता तोच ट्रॅक, तीच गाडी, पण सुटायला तीन मिनिटं लागतायत. तासाला ५६० माणसं. पुढं तेच ४०० जण, आणि तुम्ही ४३ मिनिटं उभे. दिवसात अशा आठ राइड धरा, जवळपास तीन तासांचा फरक पडला. पहाटे चारला साताऱ्यातून निघून, खंबाटकी, खेड शिवापूर, द्रुतगती मार्ग करत पोचलेल्या माणसाचे तीन तास. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगेचा हा नियम गणितानं सिद्ध केला: रांगेत उभी असलेली माणसं म्हणजे माणसं येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा थांबण्याचा वेळ. कारखान्यात आम्ही हाच हिशेब जॉबच्या ट्रेला लावतो.

मागच्या मे महिन्यात एका मोठ्या पार्कात (नाव घेत नाही) दोन गाड्यांच्या ट्रॅकवर एकच गाडी चालू होती. दुसरी शेडमध्ये उभी होती, ती आम्हाला रांगेतून दिसत होती. पत्र्याखाली सव्वा तास. पंखे होते, फिरत नव्हते. किती वेळ लागेल याची पाटी कुठंही नाही. माझ्यापुढच्या बाईंच्या कडेवर मूल झोपून गेलं होतं आणि त्या ते या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होत्या. स्टेशनवर पोचल्यावर पाहिलं तर सगळ्या कामाला दोनच पोरं. तीच चपला ठेवायला सांगतायत, तीच माणसाला सीटला धरून ठेवणारे बार तपासतायत, तीच बटणापाशी पळतायत. त्या पोरांवर माझा राग नाही. चौघांचं काम दोघांवर टाकणाऱ्यावर आहे.

याच्या उलट दुसऱ्या एका पार्कात एक मुलगी काम करताना पाहिली, ती अजून डोळ्यासमोर आहे. गाडी थांबायच्या आधीच पुढच्या २८ जणांना तिनं आकड्यांवर उभं केलं होतं. बार खाली आले की डाव्या हातानं बार खाली दाबायची, मग उजव्या हातानं वर ओढून बघायची, पुढची सीट. दाब, ओढ, पुढं. एकही सीट सुटली नाही आणि घाईही दिसली नाही. शेवटच्या ओळीला पोचून तिनं अंगठा वर केला, समोरच्यानं केला, गाडी सुटली. मी घड्याळ लावलं होतं: १ मिनिट २० सेकंद. त्या दिवशी चारनंतर मी त्याच राइडला पुन्हा पुन्हा जात राहिलो.

आता जत्रेकडे येतो. माझं गाव खटाव तालुक्यात, पुसेगाव सायकलवर गाठता येईल एवढं. सेवागिरी महाराजांच्या यात्रेत लोक रथाला नोटांच्या माळा घालायला जायचे आणि मी पाळण्यापाशी उभा राहायचो. पाळणेवाला बारा खोक्यांचा पाळणा भरताना पहिल्या खोक्यानंतर दुसरं कधीच भरत नाही. पहिलं भरलं की अर्धा फेरा फिरवून सातवं. मग चौथं, मग दहावं. एका बाजूला वजन गेलं तर इंजिनला आणि ब्रेकला दोघांनाही पाळणा आवरत नाही. उतरवताना पुन्हा तीच उलट मांडणी, आणि त्यातच नवी माणसं बसवणं. कागद नाही, पेन नाही. मी पंधरा वर्षांचा असताना शेंगदाणे खात तासभर हे मोजत बसलो होतो, आणि मला वाटतं राइडचं खरं वेड मला तेव्हा लागलं, बसल्यावर नाही.

लोक रहाटपाळण्याला फेरिस व्हील म्हणतात. जॉर्ज फेरिस यांनी शिकागोच्या प्रदर्शनात १८९३ साली ८० मीटर उंचीचं चाक उभं केलं, ३६ डबे, प्रत्येकात ६० माणसं, एका वेळी २१६०. पण त्याआधी पावणेतीनशे वर्षं, १६२० साली, पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं तुर्की अमलाखालच्या फिलिपोपोलिसच्या (आजचं बल्गेरियातलं प्लोव्हदिव) जत्रेत माणसांनी फिरवायची अशी चाकं पाहून लिहून ठेवली आहेत. म्हणजे आपला पाळणा फेरिसचा धाकटा भाऊ नाही, आजोबा आहे.

तर प्रश्न असा. पार्कात किंवा जत्रेत गेल्यावर तुम्ही आधी काय बघता? आणि तुमचा दिवस कशामुळे चांगला किंवा वाईट गेला?

एकेकाळचा_ऑपरेटर

मी कराडचा. शिक्षण झाल्यावर अडीच वर्षं एका पार्कात कोस्टरवर काम केलं, आता ते क्षेत्र सोडलं. धागा वाचून हात शिवशिवले.

रहाटपाळणा, तुम्ही पाहिलेल्या त्या मुलीच्या अंगठ्याची गोष्ट पुढं सांगतो. बऱ्याच कोस्टरला एकट्या माणसाला गाडी सोडताच येत नाही. प्लॅटफॉर्मच्या दोन टोकांना दोन बटणं असतात, दोन्ही एकाच वेळी दाबून धरली तरच गाडी हलते. एकाला काही दिसलं आणि त्यानं हात काढला की गाडी जागेवर. अंगठा हे आमचं बोलणं, कारण संगीत आणि ओरडाआरडीत हाक ऐकू येत नाही.

ट्रॅकचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी पुढं येऊच शकत नाही, ब्रेक तिला धरून ठेवतो. रेल्वेच्या सिग्नलसारखंच. म्हणून स्टेशनवर उशीर झाला की मागची गाडी बाहेर ब्रेकवर थांबते आणि त्यातली माणसं ओरडतात, 'बंद पडली, बंद पडली'. बंद पडलेली नसते. स्टेशनवरचा कुणीतरी मोबाइल खिशातून काढत नसतो.

सकाळी पार्क उघडायच्या तीन तास आधी आम्ही यायचो. मेंटेनन्सवाले ट्रॅकच्या कडेच्या जिन्यानं चालत वर जायचे, हातात टॉर्च आणि कापडाचा बोळा. चाकांचे तीन संच असतात: वरून ट्रॅकवर चालणारी, बाजूनं धरणारी आणि खालून अडकणारी. खालच्या चाकांमुळेच गाडी उसळीला ट्रॅक सोडत नाही. अमेरिकेत कोस्टर बांधणारे जॉन मिलर यांचं हे पेटंट १९१९ चं. त्यांचंच १९१० चं दुसरं पेटंट तुम्ही सगळ्यांनी कानांनी ऐकलंय. चढावर चेन गाडीला ओढते तेव्हा टक, टक, टक होतं ना, तो गाडीखालचा खटका एकेका दात्यावरून सरकल्याचा आवाज. चेन तुटली तरी तो खटका दात्यात अडकतो आणि गाडी मागं घरंगळत नाही. लोक त्या आवाजाला घाबरतात. आम्हाला तो ऐकू आला नाही तर भीती वाटायची.

मग रिकाम्या गाडीच्या फेऱ्या, वेळेची नोंद, सही. सकाळची पहिली गाडी हळू असते, दुपारनंतर चाकं आणि ग्रीस गरम झालं की तीच गाडी सुसाट. चांगली राइड हवी असेल तर संध्याकाळी बसा.

विनंती एकच. ओढणी कमरेला बांधा, केस आवळून बांधा, चष्म्याला दोरी लावा. गो-कार्टवर तर हे जिवाचं काम आहे, मागचा अ‍ॅक्सल उघडा असतो.

मिरजेची_माऊ

दोन्ही पोस्ट फार आवडल्या. मी मीरासाहेबांच्या उरुसातल्या कोलंबस झुल्यावर वाढलेली. ते जहाज बुडाखाली फिरणाऱ्या टायरनं ढकलतात हे मला तीन वर्षांपूर्वी वाकून बघितल्यावर कळलं! जहाज खाली आलं की टायर वर उचलून त्याच्या पोटाला लागतो, दर फेरीला थोडा धक्का, अंगणातल्या झोक्याला आपण देतो तसा.

माझं उत्तर: मी आधी स्वच्छतागृह बघते. ते स्वच्छ आणि पाणी असलेलं असेल तर त्या पार्कात बायकांचा कुणीतरी विचार केलाय. नसेल तर राइड कितीही मोठी असो, मी दुपारी निघायच्या तयारीत असते. आणि पुढची ओळ की मागची? मी कायम पुढची.

रहाटपाळणा

माऊताई, मागची. उतारावर पुढचा डबा शिखरावरून जाताना हळू असतो, कारण मागची निम्मी गाडी अजून चढावरच असते. शेवटचा डबा त्याच शिखरावर येतो तेव्हा पुढची गाडी उतारावर पळत सुटलेली असते आणि ती त्याला खेचून नेते. सीटवरून उचलल्यासारखं वाटतं ते तिथं. पुढं वारा आणि नजारा, मागं ओढ.

स्वच्छतागृहाचं अगदी पटलं. हे मी कधी लिहिलंच नसतं.

मिरजेची_माऊ

वारा आणि नजाराच हवा मला. पण एकदा मागं बसून बघते.

विट्याच्या_बाई

मी शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी आठवीची सहल नेली. एसटीच्या शालेय सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते म्हणून ते जमलं. रात्री दीडला विट्यातून निघालो, बरोबर ४४ मुलं, तीन शिक्षक.

मला वाईट आठवण सांगायची आहे. मोठ्या कोस्टरच्या तोंडाशी उंचीची पट्टी होती, १४० सेंटिमीटर. आमच्या वर्गातला एक मुलगा सहलीचे पैसे जमवायला सुट्टीत द्राक्षबागेत कामाला गेला होता. पाऊण तास रांगेत उभा राहून तो पट्टीखाली आला आणि १३८ भरला. त्यानं टाचा उचलल्या. कर्मचाऱ्यानं खांद्यावर हात ठेवून टाचा खाली करायला लावल्या. बरोबरचे सगळे आत गेले. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि बुटांकडे बघत म्हणाला, 'बाई, मी एसटीत जाऊन बसतो.' मी त्याला उसाचा रस दिला, तो त्यानं तसाच हातात धरून ठेवला.

चूक माझी होती. मला शाळेतच मोजता आलं असतं. आता सहलीच्या आठवड्यात पीटीच्या तासाला सगळ्यांची उंची घेते आणि मनगटाला दोन रंगांच्या फिती बांधते. कोण कुठं बसणार हे इथंच कळतं, आणि कमी उंचीच्या मुलांसाठी वेगळी यादी आधी तयार असते. त्यांचा गट कधी एकटा पडत नाही, एक शिक्षक त्यांच्याचबरोबर.

विचारायचं एवढंच, दोन सेंटिमीटरनं खरंच काय बिघडतं?

एकेकाळचा_ऑपरेटर

बाई, हा प्रश्न मला रोज दहा वेळा विचारला जायचा आणि उत्तर द्यायला वेळ नसायचा. आज देतो.

पट्टी वयाची नसते, शरीर बारमध्ये कसं बसतं याची असते. खांद्यावरचा बार खांद्याला लागला पाहिजे, मांडीचा बार मांडीच्या मुळाशी बसला पाहिजे आणि पाठ सीटला टेकली पाहिजे. लहान शरीर बाराखालून सरकू शकतं. सीट बनवणाऱ्यानं ज्या उंचीपर्यंत हे तपासलंय तिथं रेघ मारलेली असते. १३८ ला चालेल असं मी ठरवलं, तर उद्या माझ्या जागी उभा राहणारा १३६ ला चालेल म्हणेल. म्हणून रेघ म्हणजे रेघ. पण ती पट्टी रांगेच्या तोंडाशीच हवी आणि रांग सुरू व्हायच्या आधी कुणीतरी उभं राहून मोजायला हवं. पाऊण तास उभं करून मग मोजणं ही पार्कची चूक, तुमची नाही.

त्या मुलाचं नशीब, कर्मचाऱ्यानं टाचा खाली करायला लावल्या.

वाईकर

रांगेवर इतकं लिहिलंय म्हणून लिहितो.

आमच्या तालुक्यात मांढरदेवला २५ जानेवारी २००५ ला शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. अरुंद वाट, पायऱ्या, दुतर्फा दुकानं, त्यात आग. २९० हून जास्त माणसं गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो, वाईत रात्रभर गाड्यांचे आवाज येत होते. पुढं न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगानं चौकशी केली.

तेव्हापासून मी कुठंही रांगेत शिरलो की आधी बाहेर पडायची वाट बघतो. पार्कातली नागमोडी रांग लोकांना कंटाळवाणी वाटते, मला बरी वाटते. एकामागं एक माणूस, कठडा कमरेएवढा, मध्ये मध्ये उघडणारं फाटक, आणि पुढून धक्का बसला तरी मागच्या दोनशे जणांचा भार एका ठिकाणी येत नाही, कारण दर दहा पावलांवर वळण आहे. सरळ रांगेत तो भार सगळा पुढच्या माणसावर येतो. पार्कवाले हे मुद्दाम करतात की जागा वाचवायला, माहीत असो नसो, पण यात्रेच्या ठिकाणी दर्शनबारीत हेच वापरायला हवं आणि आता बऱ्याच ठिकाणी वापरतातही.

रहाटपाळणा

वाईकर, धन्यवाद. याच्यावर मी काही लिहू शकत नाही. फक्त पुढच्या वेळी मीही फाटक कुठं आहे ते बघणार.

खंबाटकी

एक साधी शंका. लूपमध्ये माणूस उलटा होतो तरी पडत नाही हे कळलं, वेग असतो म्हणून. पण चित्रात लूप गोल नसतो, थेंबासारखा लांबट असतो. तसा का?

रहाटपाळणा

वा! हा प्रश्न खंबाटकीनंच विचारावा.

गोल लूप करून बघितलेला आहे. १८९५ च्या सुमारास अमेरिकेत कोनी आयलंडला फ्लिप फ्लॅप नावाची राइड होती, लूप अगदी वर्तुळ. लोकांच्या मानेला हिसके बसायचे. हिशेब मांडा: वर्तुळाच्या माथ्यावर माणूस जेमतेम सीटला टेकून राहील एवढाच वेग ठेवला, तरी तळाला शरीरावर वजनाच्या सहापट दाब येतो. ७० किलोच्या माणसाला ४२० किलोचा झाला असं वाटणार. आणि तो दाब हळूहळू येत नाही. सरळ ट्रॅक संपून वर्तुळ जिथं सुरू होतं तिथं एका क्षणात आदळतो.

त्यावरचा उपाय म्हणजे तळाशी वळण मोठं ठेवायचं आणि माथ्याकडे जाताना आवळत न्यायचं. तळाशी वेग जास्त, वळण सौम्य. माथ्यावर वेग कमी, वळण घट्ट. या वक्राला क्लोथॉइड म्हणतात. जर्मनीचे इंजिनिअर वेर्नर श्टेंगेल यांनी लूपसाठी त्याची मांडणी केली आणि अँटोन श्वार्झकॉफ यांनी बांधलेल्या रिव्होल्यूशन या कोस्टरला १९७६ साली कॅलिफोर्नियात असा लूप मिळाला. त्यानंतर जगभर लूप आले.

आता आपल्या घाटात या. गाडी एकाच वेगानं चालवत स्टेअरिंग एकसारखं, हळूहळू फिरवत नेलं तर गाडी जी रेघ काढते ती क्लोथॉइड. चांगल्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाला सुरुवातीला हा तुकडा दिलेला असतो, म्हणून आपल्याला झटका न बसता वळण लागतं. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर ते एस वळण लागतं. एकीकडे स्टेअरिंग फिरवलं की सरळ करायच्या आत दुसरीकडे फिरवावं लागतं, त्यात मागून उताराचा रेटा. तिथं किती गाड्या कलंडल्या हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. बसमध्ये खिडकीशी बसलेल्या माणसाला तिथं जो हिसका बसतो, तोच हिसका लूपमध्ये बसू नये म्हणून श्टेंगेल यांनी आयुष्यभर गणितं केली. पार्कला जाताना मी तिथं दरवेळी सीटचा दांडा धरतो आणि हेच आठवतो.

खंबाटकी

आता त्या वळणावर मलाही हेच आठवणार. कडक.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

सगळे पार्कवर बोलतायत, मी जत्रेवर बोलतो. कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. पाळणेवाले आमच्याकडे दांडे जोडायला, पिना बनवायला येतात.

२०१९ च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरियाला लोलकासारखी झुलणारी राइड चालू असताना मोडून पडली, दोघं गेले. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मोहालीच्या मेळ्यात उंचावरून खाली येणारी राइड थेट जमिनीवर आदळली. बातमी आली की लोक म्हणतात, 'वेल्डिंग कच्चं होतं.' नेहमी तसं नसतं. पक्कं वेल्डिंगसुद्धा थकतं. राइडचा दांडा दर झोक्याला एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. दिवसात हजारो वेळा. वेल्डच्या कडेला जिथं मूळ लोखंड आणि भरलेलं लोखंड मिळतं, तिथून केसाएवढी चीर सुरू होते आणि रंगाखाली वाढत जाते. वरून ताजा निळा रंग मारलेला असतो, दिसणार काय?

ती चीर बघायला फार मोठी मशिनरी लागत नाही. आम्ही डीपी (डाय पेनेट्रंट) टेस्ट करतो, म्हणजे रंग चिरेत शिरवून चीर शोधायची. पिन किंवा जोड घासून रंग काढायचा, क्लीनरनं पुसायचा. लाल द्रव फवारायचा, दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडायचं. मग कापडानं लाल सगळं पुसून घ्यायचं, इतकं की लोखंड पुन्हा कोरडं दिसलं पाहिजे. वर पांढरी पावडर फवारायची. आणि थांबायचं. चीर असेल तर आत शिरलेला लाल द्रव पावडरीत वर येतो. आधी काही नसतं, मग पांढऱ्यावर एक लाल रेघ उमटते, मग ती थोडी पसरते. मागच्या वर्षी एका ड्रॅगन ट्रेनच्या जोडाची पिन अशी तपासली. मालक शेजारी उभा होता, पान खात. रेघ उमटली तसं त्याचं तोंड थांबलं. नवी पिन घेऊनच तो गेला, जुनी मी ठेवून घेतली, ती टेबलावर आहे.

आपल्याकडे राइडच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५४७५. मोठे पार्क त्याप्रमाणे आणि परदेशी मानकांप्रमाणे चालतात. अडचण आहे ती दर आठवड्याला खोलून दुसऱ्या गावी उभ्या राहणाऱ्या राइडची. तिचा प्रत्येक नटबोल्ट वर्षात चाळीस वेळा सुटतो आणि चाळीस वेळा आवळला जातो. पार्कच्या राइडला हा जाच नसतो. माझं म्हणणं एवढंच की ग्रामपंचायतीनं आणि यात्रा कमिटीनं जागेचं भाडं घेताना डीपी टेस्टचा कागद मागावा. पाळण्याच्या दिवसाच्या गल्ल्यापुढं खर्च काहीच नाही.

म्हसवडकर

फॅब्रिकेटर दादा, तुमी म्हंता ते खरंय. माझ्या चुलत्याचा पाळणा व्हता. मी धा वर्सं त्याच्यासंगं फिरलोय. आमचं साल म्हसवडच्या रथापासनं सुरू व्हायचं. मग पुसेगाव, पाल, औंध, आन चैतात खरसुंडी. रहाटपाळणा भाऊ, तुमी ज्यो पाळणा मोजत बसला व्हता त्यो आमचाबी असंल.

येक गोष्ट कुनी लिवली न्हाय. जमीन. पाळणा उभा करायच्या आधी चुलता चप्पल काढून रानात फिरायचा. मुरूम लागला तर खूश. काळी लागली तर दोन हात उकरून बगायचा, खाली वल हाय का. काळ्या रानात दिवसा पाळणा सरळ असतोय आन रातच्याला पाऊस झाला की येक पाय चार बोटं खाली. खाली रेल्वेचं लाकडी स्लीपर टाकायचं आन पान्याची नळी लावून लेव्हल घ्यायची. येक दिवस नव्हं, रोज सकाळी. येकदा यात्रा भरात असताना नळीत दोन बोटांचा फरक आला. चुलत्यानं पाळणा बंद ठेवला. ऐन रथाचा दिवस. कमिटीचं लोक वरडायला लागलं, पोरं रडायला लागली. त्यो बसूनच ऱ्हायला. दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्या मुरूम आनून टाकला तवा चालू केला.

वजनाचं म्हंता, तर त्याला मानूस बगितला की कळायचं. 'ह्यास्नी सातव्यात घाला, त्यांच्यासमोर ती तिगं बाया.' डीपी बीपी आमच्याकडं नव्हतं. हातोडीनं पिन वाजवून बगायचा. चांगली पिन टन्न वाजती, गेलेली पिन बद्द वाजती.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

म्हसवडकर, हातोडीचा आवाज ही चांगली परीक्षा आहे, रेल्वेत चाकं पूर्वी अशीच वाजवून बघत. पण मोठी चीर असेल तेव्हाच आवाज बदलतो. बारीक चीर टन्नच वाजते. दोन्ही करा. काकांना माझा नमस्कार सांगा. रथाच्या दिवशी पाळणा बंद ठेवणं हे डीपी टेस्टपेक्षा अवघड आहे.

म्हसवडकर

चुलता आता थकलाय. वाचून दावलं त्याला. म्हनला, त्या कुपवाडच्या पावन्याला इचार, ती लाल रेघ आमास्नी बगायला मिळंल का.

रहाटपाळणा

फॅब्रिकेटर दादा, यंदा पुसेगावला याल का? पाळण्याच्या दोन-चार मालकांशी मी बोलतो. त्यांच्या जुन्या पिना तुम्ही त्यांच्यासमोरच तपासायच्या, काका बघतील. मात्र रथाच्या दिवशी नको, त्या दिवशी कुणाला श्वास घ्यायला सवड नसते. यात्रा सुरू व्हायच्या आदल्या सकाळी पाळणे उभे राहत असतात, तेव्हा या.

कुपवाडचा_फॅब्रिकेटर

येतो. तिन्ही डबे घेऊन येतो, क्लीनर, लाल, पांढरा. टेबलावरची ती पिनही आणतो.

म्हसवडकर

चुलत्याला गाडीत घालून आनतो. पान्याची नळी हाय अजून घरात, तीबी आनतो.